न लागलेलं व्याज

आमच्या लॅबमध्ये चहा यायच्या आधी सुप्रिया मेस्त्रीचे दहा रुपये यायचे. चहावाला अजून जिना चढत असायचा आणि इकडे काउंटरच्या कोपऱ्यात, पेनस्टँडखाली, घडी घातलेली दहाची नोट हजर. बाकी आम्ही सगळे महिनाअखेरीला हिशेब करणारे. म्हणजे हिशेब चहावाला करायचा आणि आम्ही त्याच्याशी वाद घालायचो. सुप्रियाचं नाव त्याच्या वहीत कधी चढलंच नाही. एकदा त्याच्याकडे सुटे नव्हते म्हणून तिचेच दहा रुपये त्याच्याकडे राहिले. त्या दिवशी दिवसभर ती इतकी खुशीत होती की मी विचारलं, काय गं, लग्न ठरलं की काय. कुणीतरी आपलं देणं लागतं हा अनुभव तिला बहुधा नवीन होता.

लॅब ठाण्याला, माजिवडा नाक्याच्या जरा अलीकडे, एका बँकेच्या वर. मी तिथे बावीस वर्षं टेक्निशियन होते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघणाऱ्या बाईला माणसं बघायला उसंत नसते, आणि खरं सांगायचं तर हौसही राहत नाही. पण सुप्रिया समोरच बसायची. काउंटर आणि आतली लॅब यांच्यामध्ये काचेचं दार होतं. दाराच्या अलीकडे ती, पलीकडे मी. पेशंटची नावं लिहून घ्यायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची, संध्याकाळी रिपोर्ट पाकिटात घालून द्यायचे, हे तिचं काम. आली तेव्हा बावीस-तेवीसची असेल. उंच, बारीक, खांदे किंचित पुढे आलेले. खुर्चीच्या पुढच्या चार इंचांवर बसायची, मागची खुर्ची दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवल्यासारखी.

घर आंबिवलीला. साडेसातची ड्यूटी असायची आणि ही सात वाजल्यापासून खाली बँकेच्या पायरीवर उभी. वर येऊन बस म्हटलं तर म्हणायची, "अजून वेळ झाली नाही, मॅडम." उशिराची धास्ती आणि लवकर आल्याचा संकोच, असं दोन्ही एकाच वेळी बाळगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पर्समध्ये दोन पेनं, त्यांच्या दोन रिफिली आणि आधारकार्डाच्या चार झेरॉक्स. कशाला गं, विचारलं तर "मागितली तर?" कोण मागणार होतं देव जाणे.

आणखी एक खोड होती. समोर कुणीही येवो, ती पूर्ण नाव विचारायची. आमच्या डॉक्टरांच्या आई दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला यायच्या. त्यांनाही विचारलं. "अगं, मला ओळखत नाहीस तू?" म्हातारीने भुवया चढवल्या. "ओळखते आजी. पूर्ण नाव सांगा." डॉक्टर केबिनमधून हसत बाहेर आले, मीही हसले. पण एकाच नावाच्या दोन माणसांच्या नळ्या एकमेकींत गेल्या की काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे माझं हसू फार टिकलं नाही. काउंटरवरच्या मुलीला हे कुणी शिकवलं, असं मात्र मनात आलं.

तिच्याशी माझी खरी ओळख झाली ती एका शेअर रिक्षामुळे. दोघी एकदम सुटलो होतो, स्टेशनपर्यंत बरोबर गेलो, आणि मी सवयीने दोघींचे पैसे दिले. झालं. दुसऱ्या दिवशी दाराला लागून असलेल्या माझ्या टेबलावर एक पाकीट, आत तिच्या सीटचे पैसे, वर माझं नाव. मला रागच आला. मी म्हटलं, "मेस्त्री, इतकी कसली गं परकी? राहू दे म्हटलं की राहू द्यावं माणसाने." ती दारातच उभी होती, काचेला टेकून. म्हणाली, "राहू दे म्हणू नका ना मॅडम. राहिलं की वाढतं." हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी निमूटपणे पैसे पर्समध्ये टाकले. नंतर हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं. कुणी वाढदिवसाचा समोसा दिला तरी, कुणी रविवारची ड्यूटी बदलून घेतली तरी. राहिलं की वाढतं. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो आणि ती हसायची, पण पैसे ठेवायची ते ठेवायचीच.

काचेचं दार तिने कधी ओलांडलं नाही. फॉर्म द्यायचा तर उंबऱ्यावर उभं राहून हात लांब करायची. आत ये म्हटलं तर "मी क्वालिफाइड नाहीये," एवढंच. मला वाटायचं, मुलीला रक्ताची भीती असेल.

मग ते पोटॅशियमचं झालं. एका काकांचा रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि त्यात पोटॅशियम चांगलंच वर गेलेलं. असा आकडा आला की डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं, पेशंटला हॉस्पिटलात धाडावं लागतं. मी फोन उचलला होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, त्या काकांची नस सापडत नव्हती. तीनदा टोचलं, मग सिरिंज ओढून ओढून काढलं. सीरम लालसर असेल बघा." मी नळी उजेडात धरली. रक्तावरचं एरवी पिवळं दिसणारं पाणी होतं लालसर. सुईच्या ओढाताणीत पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने आधी सुचायला हवं होतं, आणि सुचलं ते पावती फाडणाऱ्या मुलीला. काकांना परत बोलावलं, दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. पोटॅशियम अगदी नॉर्मल.

त्या दिवशी मीच बाहेर आले, तिला समोर बसवलं आणि हे कुठे शिकलीस ते विचारलं. ती कल्याणच्या एका कॉलेजात लॅब टेक्नॉलॉजीच्या बी.एस्सी.ला होती. दोन वर्षं पास, तीही चांगल्या मार्कांनी. तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि त्याच पावसाळ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वडील सुतार, लोकांच्या घरातली कपाटं, किचनच्या ट्रॉल्या बनवायचे. त्यांचा उजवा हात गेला आणि घरातली मिळकत गेली. फीचे बासष्ट हजार राहिले, परीक्षेला बसता आलं नाही, गुणपत्रिका कॉलेजातच अडकल्या. बाकी भरल्याशिवाय पुन्हा प्रवेश नाही, आणि डिग्रीशिवाय काचेच्या आत यायचं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर ती उठली आणि पुन्हा आपल्या चार इंचांवर जाऊन बसली. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिला म्हणावं डिग्री घेऊन ये, उद्या आत घेतो." तेही वाईट बोलत नव्हते. नियम त्यांनाही होताच.

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागले. कॉलेजात फोन केलास का? करणार आहे. कधी? या आठवड्यात. एकदा केराच्या टोपलीशेजारी पाठकोऱ्या कागदावर तिचं सुबक अक्षर दिसलं. लिहिलं होतं: "नमस्कार सर, मी सुप्रिया मेस्त्री. (ते विचारतील, कुठली बॅच?) बॅच सांगायची. (ते म्हणतील, इतकी वर्षं कुठे होतीस?) वडिलांचं सांगायचं, रडायचं नाही. (ते ओरडतील.)" पुढे काही नव्हतं. ते ओरडल्यावर काय करायचं हे तिला सुचलं नव्हतं, म्हणून फोन झाला नव्हता. असे कागद मला पुढेही सापडले. मी ते गुपचूप फाडून टाकायचे आणि मनातून तिच्यावर चिडायचे. आता वाटतं, चिडण्यापेक्षा एकदा तरी तो फोन मीच लावून तिच्या हातात द्यायला हवा होता.

एका गणपतीला तिने घरी बोलावलं तेव्हा गेले. स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्या, समोर नवीन टॉवरचं काम चाललेलं, त्याची धूळ खिडकीच्या गजांवर. आई मालवणी मसाला करून विकायची. सगळ्या घराला त्याचा वास. वडील भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. गोड माणूस. त्यांनीच मला सांगितलं की पूर्वी त्यांनी रंधा मारायच्या मशीनसाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. काही हप्ते चुकले, मग व्याजावर व्याज चढलं, आणि मशीन विकलं तरी कर्ज उरलं. "वसुलीवाले यायचे तेव्हा ही शाळेत होती," ते म्हणाले. "दार हीच उघडायची. बाबा घरात नाहीत म्हणून सांगायची. आणि मी ह्या पडद्यामागे." असं म्हणून ते डाव्या हाताने पडदा दाखवत हसले. सुप्रिया हसली नाही.

त्याच दिवशी तिने मला तिची वही दाखवली. पहिल्या पानावर बासष्ट हजार. त्याखाली दर एक एप्रिलला एक ओळ. बारा टक्के. मग त्या रकमेवर पुन्हा बारा टक्के.

"हे काय?"

"व्याज, मॅडम."

"कॉलेज व्याज लावतं, असं सांगितलं तुला कुणी?"

"सांगायला कशाला हवं? राहिलं की वाढतंच ना." आणि मग, "बारा धरलेत मी. पतपेढीचा दर तोच होता."

मला काय वाटलं? मला वाटलं, असेलही. कॉलेजांचं काय सांगता येतं? मी स्वतः शिकले तेव्हा वर्षाची फी शेकड्यात होती, तीही वडिलांनी भरलेली. त्या विषयातलं मला शून्य कळत होतं आणि मी शहाण्यासारखी मान हलवली. वहीच्या मागे प्लास्टिकच्या फाइलमध्ये तिची कागदपत्रं होती, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि त्यांत एक बंद पाकीट, कॉलेजचा शिक्का असलेलं. हे काय विचारलं तर तिने फाइल मिटली. "कॉलेजचं आहे. पैसे पूर्ण झाले की उघडणार." पगार सोळा हजार, त्यातून वडिलांची औषधं, आणि तरी ती महिन्याला दीड-दोन हजार बाजूला टाकत होती. पण दर एप्रिलला वहीतला आकडा पुढे सरकायचा, आणि ती त्याच्यामागे धावायची. अर्धी रक्कम घेऊन जाऊन हप्ते मागावेत, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर ती पांढरी पडली. अर्धे घेऊन गेलं की उरलेल्या अर्ध्यांसाठी कुणीतरी दाराशी येणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सहाव्या वर्षीचा हिशेब एक लाख बावीस हजारांवर गेला. तिच्याकडे जमले होते एक लाख एकोणीस. दिवाळीचा बोनस मिळाला की जाते, म्हणाली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिच्याच कॉलेजातून आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीने सहज सांगितलं की कॉलेजात अर्धवट सोडलेल्यांना परत घेण्याची मुदत यंदा संपतेय, अभ्यासक्रम बदललाय. मी काउंटरकडे पाहिलं. सुप्रियाने ऐकलं होतं. तिच्या हातातली पावती अर्धी फाटून तशीच राहिली होती आणि पेशंट तिच्याकडे बघत उभा होता.

संध्याकाळी मी तीन हजार तिच्यापुढे ठेवले. ती घेईना. मी आवाज चढवला, म्हटलं, तीन हजारांसाठी आयुष्य अडवून बसलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तेव्हा तिने पाठकोरा कागद ओढला आणि चिठ्ठी लिहिली: सबनीस मॅडमकडून रुपये तीन हजार, तारीख, सही. "माझं व्याज किती?" मी चेष्टेने विचारलं. "बाराच," ती म्हणाली, आणि तेही लिहिलं.

सोमवारी आम्ही दोघी रजा टाकून कल्याणला गेलो. मी डोंबिवलीची, मी स्टेशनबाहेर पोचले तर ही तासभर आधीपासून उभी. अंगावर इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, छातीशी ती फाइल. रिक्षात तिने मला चार वेळा वेळ विचारली, घड्याळ तिच्याच हातात होतं. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ते ओरडले तर तुम्ही काही बोलू नका हां. मी ऐकून घेईन." मी हो म्हटलं, पण ओरडणाऱ्याला काय सुनवायचं ते मी रिक्षातच ठरवून ठेवलं होतं.

ओरडलं कुणीच नाही. खिडकीमागे पन्नाशीचे एक क्लार्क होते, दोन्ही मनगटांना रबर बँड अडकवलेले. त्यांनी वर्ष विचारलं, संगणकात नाव शोधलं, चष्मा वर केला. "बासष्ट हजार. कॅश आणलीस की चेक?"

सुप्रिया म्हणाली, "सर, व्याजासकट सांगा ना."

"कसलं व्याज?"

"सहा वर्षांचं."

"अगं बाई, कॉलेज आहे हे. आम्ही कुठलं व्याज लावतोय?"

"सर, प्लीज एकदा परत बघा. नंतर निघालं तर?"

त्यांनी खरोखर परत पाहिलं. स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. बासष्ट हजार. सहा वर्षांत एक रुपया त्यात मिसळला नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. ते म्हणाले, "तुला पत्र पाठवलेलं की. आंबिवलीच्याच पत्त्यावर. त्यात सगळं होतं."

सुप्रियाने फाइल उघडली आणि ते बंद पाकीट बाहेर काढलं. तिने ते माझ्यापुढे धरलं, मीच फोडलं. चार ओळींचं पत्र. आपल्याकडे तिसऱ्या वर्षाची फी इतकी येणे आहे. अडचण असल्यास कार्यालयात समक्ष भेटावे, हप्त्यांची सोय करून देता येईल. पुढील सत्रास बसता येईल. तारीख पाच वर्षांपूर्वीची. मी ते तिला वाचून दाखवलं.

क्लार्कने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जरा खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. गेल्या वर्षापर्यंत आली असती तर थेट तिसऱ्याला बसली असती. आता जुना अभ्यासक्रम बंद. यंदा घेता येईल, पण दुसरं वर्ष नव्याने करावं लागेल, मग तिसरं. दोन वर्षं. दुसऱ्याची नवी फी पंचावन्न हजार. आणि या महिन्यात प्रवेश घेतला नाही तर तेही नाही.

तिने बासष्ट हजार मोजून दिले. पावती घेतली, नाव तपासलं, आकडा तपासला, तारीख तपासली. मग आम्ही बाहेर आवारात एका कट्ट्यावर बसलो. आजूबाजूला अठरा-एकोणीसची मुलं-मुली हसत-खिदळत होती. ती म्हणाली, "मॅडम, बासष्ट माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीच झालेले. गणपतीत. तुम्ही घरी आलेलात ना, तेव्हा." मग तिचा बांध फुटला. मी तिला जवळ घेतलं. त्या गणपतीत ते पाकीट माझ्याही समोर होतं. फोड गं, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? माणसाच्या भीतीला आपण स्वभाव म्हणतो, तिची चेष्टा करतो आणि पुढे जातो. मी तेच केलं होतं.

डोळे पुसून तिने पर्समधून उरलेलं पाकीट काढलं. सत्तावन्न हजार तिचे, तीन माझे. हे सगळे पैसे व्याजाचे होते, जे कुणी मागितलंच नव्हतं. तिने औषधांतून, डब्यातून, चपलेच्या तळव्यातून वाचवून ते सहा वर्षं भरलं होतं, आपल्याच घरात, आपल्याच वहीत.

"पंचावन्न म्हणाले ना ते?" तिने विचारलं.

"हो."

"ह्या पोरांबरोबर बसायचं म्हणजे..." ती बोलायची थांबली. मग मला म्हणाली, "माझी अटेंडन्स भरेल का हो मॅडम? प्रॅक्टिकलला हात कापायला लागले तर?" मला कळलं की मुलगी प्रवेश घेणार. न घेणाऱ्या माणसाला अटेंडन्सची काळजी नसते. आम्ही तशाच उठून परत त्या खिडकीशी गेलो. क्लार्कनी प्राचार्यांची सही आणून दिली आणि पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या नव्या फीचे तीन हप्ते करून द्यायचं लेखी कबूल केलं. हप्त्यांच्या कागदावर सही करताना तिने तो तीनदा वाचला आणि शेवटी हळूच विचारलं, उशीर झाला तर घरी कुणी येतं का. "कोण येणार? आमच्याकडे शिपाई एकच आहे," ते म्हणाले. त्यावर मात्र ती हसली.

त्या संध्याकाळी स्टेशनवर तिने माझे तीन हजार परत केले, आणि वर एक रुपयाचं नाणं. मी म्हटलं हे काय? तीन हजारांचं दोन दिवसांचं व्याज, एक रुपया सत्त्याण्णव पैसे. एक आत्ता घ्या, सत्त्याण्णव पैसे उद्या सुटे करून देते. मी तिला रागावले. नाणं मात्र ठेवून घेतलं.

पुढची दोन वर्षं तिने कशी काढली, त्यातलं पहिलं मी काचेतून बघितलं, दुसरं फोनवर ऐकलं. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते नऊ काउंटर. डॉक्टरांनी ड्यूटी बदलून दिली, त्याबद्दल तिने त्यांना एक कृतज्ञतेचं पत्र टाइप करून दिलं, आवक नोंदवून घ्या म्हणाली. वर्गातली मुलं तिला दीदी म्हणायची आणि नोट्स मागायची. त्या ती द्यायची आणि परत मागायची. प्रत्येक परीक्षेआधी तिला ताप यायचा, प्रत्येक हप्ता ती तारखेच्या दहा दिवस आधी भरायची. आणि एक वेगळंच सुरू झालं होतं. घरी येणारं प्रत्येक पाकीट, विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, ती दारातच फोडायची. आई सांगत होती, पोस्टमन अजून जिन्यावरच असतो. दुसरं वर्ष तिने पास केलं तेव्हा मी निवृत्त झाले आणि आमचं रोजचं भेटणं सुटलं.

परवा माझी शुगर तपासायची होती. डोंबिवलीत घराखाली लॅब आहे, तरी मी उपाशी पोटी माजिवड्याला गेले. काउंटरवर कुणी नवीन मुलगी होती. मी नाव सांगत होते तेवढ्यात काचेचं दार आतून उघडलं आणि सुप्रिया बाहेर आली. अंगात पांढरा कोट. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झालीय, निकाल लागायचाय, तोवर ट्रेनी म्हणून डॉक्टरांनी आत घेतलंय, असं तिने एका दमात सांगितलं. आणि लगेच, "एक पेपर अवघड गेलाय. काही सांगता येत नाही." मी म्हटलं, पास होशील गं. "असं म्हणू नका," ती म्हणाली.

तिने मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टी बांधली. माझ्या नसा आता सापडत नाहीत. तिने घाई केली नाही. बोटाने चाचपत राहिली, दुसरा हात बघितला, परत पहिल्यावर आली. सुई हातात घेऊन थांबली.

"पूर्ण नाव सांगा, मॅडम."

मी सांगितलं, वडिलांच्या वयाच्या मास्तरांना सांगावं तसं सरळ बसून. तिने ते नळीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. टोचलेलं मला कळलंसुद्धा नाही. हात अजिबात कापला नाही तिचा.

कापूस दाबून धरत मी दुसऱ्या हाताने पर्स उघडली. तिने ती मिटली.

"राहू दे, मॅडम."

इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. म्हटलं, "मेस्त्री, राहिलं की वाढतं."

ती नळी उजेडाकडे धरून रंग बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "वाढू दे."